दाजी पेठेत बर्फ

नरसय्या गड्डमांच्या स्टुडिओत
काश्मीर आधीपासूनच होतं.
सात फूट बाय नऊ, मांजरपाटावर ऑइलपेंट,
डोंगर निळे, बर्फ खडूसारखा,
आणि डाव्या कोपऱ्यात एक बदक,
ते तिथं का, कुणालाच माहीत नव्हतं.
नवी जोडपी त्याच्यापुढं घामेजून उभी राहायची.
मी कपाळांवर पावडर थापायचो.
"जरा थंडी वाजल्यासारखं करा,"
नरसय्या सांगायचे,
आणि पंखा बंद करायचे,
हिमालय हलू नये म्हणून.

त्या एप्रिलात, मंगळवारी, पावणेचारला
आधी वीज गेली.
लूम थांबले की कानात काय होतं
ते आमच्याकडं राहिल्याशिवाय कळत नाही.
अख्खी पेठ
वाक्य अर्धवट सोडून गप्प.
मग पत्र्यावर एक धोटा आपटला.
मग दुसरा.
मग सगळे माग वरच सुरू झाले,
वीज नसताना.

"गारा!"
"वडगळ्ळू!"
"आलिकल्लू!"
एका बोळाला तीन भाषा,
तिन्ही एकदम दारात आल्या.
सत्तव्वा विड्यांचं सूप डोक्यावर धरून पळाली,
पानं भिजली, तंबाखू भिजला,
आणि ती हसत होती,
मी तिला त्याआधी हसताना पाहिलेलं नव्हतं.
पोरांनी टॉवेल ताणून धरले.
त्रेचाळीस डिग्रीच्या डांबरावर
पांढरं साचायला लागलं,
आधी वाफ,
मग खरंच पांढरं.

कॅमेऱ्यात चार फ्रेम उरलेल्या.
त्याही चिलवेरींच्या बारशासाठी राखून ठेवलेल्या,
समोरच्याच घरात, पाच वाजता.
नरसय्यांनी माझ्याकडं पाहिलं.
मी घड्याळाकडं.
ते म्हणाले, "नाव काय, उद्यासुद्धा ठेवता येतं."

पहिली फ्रेम बोळाची.
दुसरी, बांबूवर वाळत घातलेल्या तांबड्या सुताची,
त्यात गारा अडकलेल्या, खालून गुलाबी पाणी ठिबकतंय.
तिसरी हलली. गार नेमकी त्यांच्या मनगटावर बसली.
कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून म्हणाले,
"आता तू."
चार वर्षं मी फक्त पावडर लावली होती.
मी चिलवेरींचा उंबरा घेतला:
अर्धं उघडं दार, पायरीवर पांढऱ्याचा ढीग,
आणि कुणाची तरी एक चप्पल, त्यात बुडालेली.

वीस मिनिटांत सगळं गटारीत.
लूम सुरू झाले.
पाळण्यात बाळाला घातलं तेव्हा
नरसय्यांनी रिकाम्या कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला,
एकदा, दोनदा, सात वेळा.
मी खाली बघत राहिलो.

फोटो धुऊन आले. बर्फ राखाडी.
लोक म्हणाले, चुलीतली राख सांडलीय की मीठ?
"चूक माझी," नरसय्या म्हणाले.
"मीटरला पांढरं कळत नाही,
त्याला सगळं जग मधलंच वाटतं.
पांढऱ्याला पांढरं दाखवायचं
तर जरा जास्त उजेड द्यावा लागतो, त्याचं न ऐकता."
मग पडद्याकडं बघून:
"ह्याला मात्र कुणी राख म्हणत नाही."

चिलवेरींनी पैसे दिले नाहीत.
चौथा फोटो तेवढा मागून नेला.

परवा एक मुलगी आली,
हेल्मेट काखेत, पायात बूट.
काश्मीर गेलंय, बदक गेलंय,
नरसय्या जाऊन सहा वर्षं झाली,
आता इथं पासपोर्ट आणि झेरॉक्स.
तिनं पाकिटातून तो उंबरा काढला,
कडा पिवळ्या, मध्ये घडी.
"निगेटिव्ह आहे का? मी भार्गवी चिलवेरी.
माझ्या बारशाचा हा एकच फोटो."
मी म्हणालो, ह्यात तू नाहीस.
तिनं अर्ध्या उघड्या दाराच्या काळोखावर
नख ठेवलं.
"आत आहे ना," ती म्हणाली,
"पाळण्यात. अजून नाव नाही."

मी डबे उपसले.
निगेटिव्हवर बर्फ काळा असतो
आणि दारातला काळोख
काचेसारखा स्वच्छ.
मी पट्टी उजेडात धरली,
जरा जास्तच उजेडात,
आणि दोघंही वाकून
आत बघत राहिलो.